वाचकांचे प्रश्न : ज्याला दुखणं सांगता येत नाही त्याचं दुखणं

बौद्धिक दिव्यांग मुलं आणि मोठी माणसं सांभाळणाऱ्या घरांतून सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांतली बरीच पत्रं या वेळी आली. त्यांतली सहा इथे घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत आणि नावं गाळली आहेत.

मुलगा 19 वर्षांचा आहे. चार-पाच शब्दच बोलतो, पण स्वभावाने शांत. गेले तीन आठवडे उजव्या गालावर स्वतःच थपडा मारून घेतो, जेवणाचं ताट भिरकावतो, रात्री उठून बसतो. चड्डीला पातळ लागलेलं असतं म्हणून जुलाब थांबायची गोळी दिली. देवळात गाऱ्हाणंही घातलं. शांत राहण्याची गोळी वाढवून घ्यावी असं सगळे म्हणतात. वाढवावी का? — एक आई, देवगड तालुका

गोळी आत्ता वाढवू नका. गाऱ्हाणं घातलंत ते ठीकच, पण त्याच्यासोबत तोंड आणि पोट तपासायला हवं. शांत मुलगा तीन आठवड्यांत एकाएकी असा वागायला लागला की पहिला संशय दुखण्यावर घ्यायचा. “तो तसाच आहे” किंवा “वयात आलाय” ही वाक्यं तपासणी झाल्यावर बोलायची. बौद्धिक दिव्यांग माणसांची दुखणी उशिरा कळण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, की जे दिसेल ते त्यांच्या अपंगत्वाच्या खात्यावर टाकलं जातं. घरचे तसं करतात आणि दवाखान्यातही तसंच होतं.

तुमच्या पत्रातच दोन खुणा आहेत. थपडा फक्त उजव्या गालावर बसतात आणि राग निघतो तो ताटावर. दाढ किंवा कान दुखत असेल तर असंच होतं. 19 हे वय अक्कलदाढ येण्याचं आहे, हेही ध्यानात घ्या. सकाळच्या उजेडात त्याला खुर्चीवर बसवा आणि तुम्ही मागे उभ्या राहा. त्याचं डोकं तुमच्या पोटाला टेकू द्या. चमच्याच्या दांड्याने गाल हलकेच बाहेर ओढा आणि दुसऱ्या कुणालातरी बॅटरी धरायला सांगा. हिरडी सुजली आहे का, दाढेला काळा खड्डा आहे का, तोंडाला कुजकट वास येतो का, तो एकाच बाजूने चावतो का, लाळ वाढली आहे का, हे पाहा. गाल बाहेरून सुजला आणि ताप आला, किंवा तोंड उघडेना, गिळता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुणी हिरड्यांना मशेरी लावायला सांगेल, ती लावू नका. तंबाखूने हिरडी बधिर होते, खालचा पू तसाच राहतो. कान घरी कोरू नका आणि कान वाहत असेल तर त्यात तेलाचा थेंबही टाकू नका. तो डॉक्टरांनीच दुर्बिणीतून पाहायचा. तोंड उघडू देत नसेल तर भूल देऊन दातांची तपासणी आणि काम एकाच वेळी करता येतं. तशी सोय मोठ्या रुग्णालयात असते, जिल्हा रुग्णालयातून तिकडची चिठ्ठी मागून घ्या.

आता पोट. चड्डीला लागणारं पातळ हे बहुतेक वेळा जुलाब नसून बद्धकोष्ठ असतं. आतड्याच्या शेवटाला मळाचा घट्ट खडा बसतो आणि मागचं पातळ त्याच्या बाजूने झिरपतं. त्यावर जुलाब थांबायची गोळी दिली की खडा आणखी पक्का होतो. म्हणून ती गोळी आज बंद करा. त्याला उताणं निजवा, गुडघे वर घ्या आणि पोटाच्या डाव्या खालच्या बाजूला हात सपाट ठेवून हलकेच दाबा. कडक गाठोड्यासारखं लागलं, किंवा शेळीच्या लेंड्यांसारखं अधूनमधून होत असलं, तर संशय खरा धरा. पोट टम्म फुगलं, उलट्या झाल्या, वाराही सरेना, तर थांबू नका, थेट रुग्णालयात न्या.

खडा मोकळा करायला डॉक्टर पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्टुलोजचं औषध देतात. पोट साफ झालं की लोक औषध बंद करतात, आणि महिन्याभरात खडा पुन्हा बसतो. ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागतात, तोवर कमी मात्रेत औषध चालू ठेवावं लागतं. इसबगोल मनाने देऊ नका. पाणी कमी पडलं तर तेच घट्ट होऊन अडकतं आणि नीट गिळता येत नसेल तर घशातही धोका. दिवसाला साधारण दीड लिटर पाणी पोटात जायला हवं. वैशाखात विहिरीचा तळ दिसायला लागला की, किंवा अंथरूण ओलं होतं म्हणून, अशा मुलांचं पाणी नकळत तोडलं जातं. ते तोडू नका, संध्याकाळी सातच्या आत पाजून पूर्ण करा. दुपारी आणि रात्री जेवल्यावर वीस मिनिटांनी त्याला संडासला बसवा, पाच ते दहा मिनिटं पुरे. जेवणानंतर आतडं आपणहून हलतं, त्या वेळेचा फायदा घ्यायचा. कमोड असेल तर पायांखाली पाट द्या, गुडघे कमरेच्या वर आले की जोर नीट लागतो. लोहाच्या गोळ्या, अंगाच्या ताठरपणावरची ट्रायहेक्सिफेनिडिल आणि शांत राहण्यासाठीची काही औषधं आतडं मंद करतात. चालू असलेली सगळी पाकिटं डॉक्टरांसमोर ठेवा.

डॉक्टरांची भेट दोन दिवसांवर असेल आणि त्याला यकृताचा आजार नसेल, तर प्रौढाची 500 मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल द्या. दोन गोळ्यांत किमान 6 तासांचं अंतर ठेवा. गोळीनंतर तासाभरात थपडा थांबल्या तर ते दुखणं होतं, ही गोष्ट डॉक्टरांना मुद्दाम सांगा. मात्र बरं वाटलं म्हणून भेट रद्द करू नका. शांत राहण्याची गोळी वाढवली असती तर तो गुंगीत राहिला असता, अंग ताठरलं असतं, लाळ गळली असती आणि दाढ तशीच राहिली असती. चालू असलेली मात्रा मात्र मनाने एकदम बंदही करू नका.

भाऊ 27 वर्षांचा. त्याला फिट येतात, महिन्यातून एखादी. घराला विहीर आहे आणि त्याला जेटीवर गळ टाकून बसायला फार आवडतं. आई म्हणते, घराबाहेर सोडायचंच नाही. — गुहागर

आईची भीती खरी आहे. बौद्धिक दिव्यांग माणसांत साधारण पाचात एकाला फिटचा आजार असतो आणि पाणी हा त्यातला मोठा धोका. पण कोंडून ठेवून फिट थांबत नाहीत. माणूस खचतो आणि न्हाणीतली फिट तर घरातच येते. तेव्हा धोका जिथे आहे तिथेच बंदोबस्त करा.

विहिरीचा कठडा कमरेच्या वर घ्या आणि तोंडावर लोखंडी जाळी बसवून तिला कडी करा. रहाटावर त्याने एकट्याने पाणी काढायचं नाही. न्हाणीत आतून कडी लावायची नाही, दारावर पंचा टाकला की आत माणूस आहे ही घरातली खूण ठरवा. अंघोळ तांब्याने आणि बसून. चुलीशी किंवा शेगडीशी काम असेल तर भांडं मागच्या बाजूला ठेवून, घरात माणूस असताना. झोपायला बुटकी खाट, पडवीच्या कडेला नको. जेटीवर जायचंच तर लाइफ जॅकेट घालून आणि त्याचे पट्टे आवळून. बाजूला ठेवलेलं जॅकेट कामाचं नाही. सोबत पोहता येणारा माणूस हवा आणि बसायचं कडेपासून आत. होडीत मात्र फिट आटोक्यात येईपर्यंत नको.

फिट आली की पहिल्यांदा घड्याळ पाहा. डोक्याखाली कपडा सरकवा, आसपासचं कठीण सामान दूर करा, झटके थांबले की कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. कांदा, चप्पल, हातात किल्ली यांनी काही होत नाही, फक्त वेळ जातो. 5 मिनिटांत थांबली नाही, शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, किंवा फिट पाण्यात आली, तर 108 ला फोन करा. पाण्यात आलेल्या फिटनंतर माणूस उठून बोलायला लागला तरी रुग्णालयात न्यायचंच, कारण फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं. तुमच्या गावापासून रुग्णालय लांब असेल तर मिडॅझोलॅमचा नाकात मारायचा फवारा डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्याच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात, म्हणून नवी बाटली आणली की ताकद तीच आहे ना हे वाचा, आणि किती फवारे मारायचे ते डॉक्टरांच्या हातून बाटलीवर लिहून घ्या.

औषध सुरू असूनही फिट येण्याची नेहमीची कारणं तीन : गोळी चुकणं, ताप आणि जागरण. शिमग्यात नमन पाहत रात्र काढली की दुसऱ्या दिवशी हमखास पत्र येतं. त्याला नमन पाहू द्या, पण रात्री दहा-अकरापर्यंत, आणि गोळी आधी देऊन. पावसात दरड आली, रस्ता तुटला, तालुक्याचं दुकान बंद राहिलं, असं दर वर्षी घडतं. तेव्हा जूनच्या आधी पंधरा दिवसांचा साठा जास्तीचा ठेवा. गोळीची कंपनी दुकानदाराच्या सांगण्यावरून बदलू नका. फिटवरची फेनिटॉइन ही गोळी चालू असेल तर हिरड्या वाढतात आणि हाडंही ठिसूळ होतात, दात आणि ड जीवनसत्त्व वर्षातून एकदा पाहून घ्या. महिन्याला एक फिट येते म्हणजे आजार आटोक्यात नाही. मेंदूविकारतज्ज्ञांना एकदा दाखवून औषधाची फेरतपासणी करा.

नात 8 वर्षांची, सेरेब्रल पाल्सी आणि बुद्धीही मंद. घन जेवत नाही म्हणून पेज पाजतो. दर घासाला खोकते. वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला. पेज तर हलकी ना? — आजी, मालवण

पेज पचायला हलकी, पण गिळायला सगळ्यात अवघड, आजी. तिच्यात पाणी आणि शित दोन्ही असतं. पाणी घशात आधी पळतं, शित मागे राहतं आणि अशा मुलांना दोन्ही एका वेळी सांभाळता येत नाही. पळालेलं पाणी श्वासनलिकेत उतरतं. दोन न्यूमोनिया बहुधा त्यातूनच झाले आहेत.

तांदूळ जास्त शिजवून गुरगुट्या भात करा, पळीच्या पाठीने घोटा, एकही शित वेगळं राहू नये. चमचा तिरका केला की सगळा घास एकदम गोळ्याने घसरला पाहिजे. ओघळून पडला तर पातळ, चिकटून राहिला तर फार घट्ट. नाचणीचं सत्त्वही याच मापाने. मासा द्यायचा तर मोरी बरी, तिला बारीक काटे नसतात. बांगडा, तारली, पेडवे हे काट्यांचे मासे तिच्या वाट्याला नकोतच. शेंगदाणे, काजू, चुरमुरे, खोबऱ्याचे तुकडे, आठळ्या आणि बी असलेली जांभळं तिच्या हाताला लागू देऊ नका.

बहुतेक घरांत चुकतं ते बसण्यात. मांडीवर आडवी घेऊन भरवलं की मान मागे जाते आणि श्वासनलिका उघडी पडते. तिला ताठ बसवा, पाठीला उशी, पाय टेकलेले, हनुवटी किंचित छातीकडे. तुम्ही तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. चमचा लहान आणि उथळ, अर्धाच भरायचा, समोरून आणि खालून आणायचा. घोट खाली गेला, तोंड रिकामं झालं, हे पाहिल्यावरच पुढचा. जेवण झालं की अर्धा तास आडवी करायची नाही. खाताना घशात घरघर, डोळ्यांत पाणी, अर्ध्या तासाहून लांबणारं जेवण, कमी होणारं वजन, यांतलं काहीही असलं तरी वाणी-उपचारतज्ज्ञांकडून गिळणं तपासून घ्या. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात आधी विचारा, तिथे 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. पाणी किती दाट करून पाजायचं हे त्यांनीच ठरवायचं. घरी मनाने दाट केलं की मूल पितच नाही आणि अंगातलं पाणी कमी पडतं.

मुलाला डाउन सिंड्रोम आहे, वय 38. दोन वर्षांत मंदावला आहे, विसरतो, दिवसा झोपतो. वयामुळे असेल का? — वडील, चिपळूण

आधी रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, करून घ्या. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं फार आढळतं. ही तपासणी जन्मभर दर वर्षी करायची असते आणि मूल मोठं झालं की घरं ती सोडून देतात. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी द्यायची, चहा अर्ध्या तासाने. त्याच वेळी बी 12, कान (मळाने बंद झालेलेही पुष्कळ निघतात) आणि मोतीबिंदू पाहून घ्या. रात्री मोठ्याने घोरतो, श्वास मध्येच थांबतो, बसून किंवा मान मागे टाकून झोपतो का ते एक रात्र जागून पाहा. झोपेत श्वास अडकत असेल तर दिवसाची पेंग त्यातूनच येते. घरात कुणी गेलं असेल तर तेही सांगा. दुःख असं मंदपणातूनही दिसतं.

चाल बदलली, पाय अडखळतात, लघवीवरचा ताबा गेला, मान वाकडी धरतो, असं असेल तर मानेच्या वरच्या मणक्यांची तपासणी तातडीने करा. हे सगळं पाहून झाल्यावरच विस्मृतीच्या आजाराचा (अल्झायमर) विचार. तो या माणसांत लवकर, चाळिशीनंतरच येऊ लागतो, कारण ज्या प्रथिनातून तो आजार बनतो त्याचा जनुक 21व्या गुणसूत्रावर आहे आणि यांच्याकडे त्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. चाळिशीत आयुष्यातली पहिली फिट आली तर तीही त्याची खूण असू शकते.

मुलगी 13 वर्षांची, पाळी सुरू झाली. पॅड काढून कुठेही टाकते. गर्भपिशवीच काढून टाका, कटकट जाईल आणि पुढची काळजीही मिटेल, असं नातेवाईक सांगतात. — आई, राजापूर

काढू नका. पुढची काळजी त्याने मिटत नाही. गर्भपिशवी काढली तरी अत्याचार थांबत नाही, उलट तो उघडकीस येण्याची एक वाट बंद होते. 1994 मध्ये पुण्यात बौद्धिक दिव्यांग मुलींच्या गर्भपिशव्या अशाच “स्वच्छतेसाठी” काढल्या गेल्या आणि देशभर त्यावर संताप उठला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 10 प्रमाणे, मूल होण्याची क्षमता जाईल अशी कोणतीही शस्त्रक्रिया दिव्यांग व्यक्तीवर तिच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही.

पॅड हाताळायला बहुतेक मुली शिकतात. वेळ लागतो तो आपण सगळं एकदम शिकवायला जातो म्हणून. चड्डीच्या आतल्या बाजूला पॅड ठेवून त्याच्या कडेने रंगीत दोऱ्याने टीप मारा, म्हणजे कुठे चिकटवायचं ते डोळ्याला दिसतं. पाळी नसतानाच सराव करा. कोकमाचं आगळ पॅडवर टाका आणि “लाल झालं की बदल” हे दाखवा. शिकवायचं शेवटून : आधी सगळं तुम्ही करा आणि कागदात गुंडाळलेलं पॅड डब्यात टाकण्याचं एकच काम तिला द्या. ते आठ-दहा वेळा न चुकता जमलं की गुंडाळणंही तिचं, मग काढणं, मग नवं चिकटवणं. दर वेळी शेवट तिच्या हातून यशाने होतो म्हणून ती कंटाळत नाही. घड्याळ कळत नसेल तर बदलण्याच्या वेळा कामांना बांधा : उठल्यावर, शाळेतून आल्यावर, दिवेलागणीला, निजताना. पॅड रुतत असेल, खाजत असेल तरीही मुली ते उपटून टाकतात. अशा वेळी मऊ सुती कापडाचं वापरून पाहा. पावसाळ्यात ते घरात दमट राहतं आणि जांघेत नायटा येतो, तेव्हा इस्त्री फिरवून पुरतं कोरडं झाल्याशिवाय देऊ नका. घरात बाहेरचं पाळत असाल तर तिच्यासाठी ते सोडा. एरवी जवळ घेणारी आई चार दिवस का शिवत नाही, हे तिला कळत नाही आणि ती बिथरते.

तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजतं किंवा पाळी आठ दिवसांहून जास्त चालते, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. रक्तस्राव कमी करणारी औषधं आहेत. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. पाळीच्या तारखांपुढे रडणं, मारणं, फिट यांची नोंद ठेवा. पोटदुखीचं औषध पहिल्या दिवशीच दिल्याने अनेकींचं “चिडणं” निवळतं. शांत राहण्यासाठीची रिस्पेरिडोन गोळी चालू असेल आणि पाळी थांबली तर तेही डॉक्टरांना सांगा, त्या औषधाने तसं होतं.

सुरक्षेसाठी शरीराच्या भागांची खरी नावं शिकवा, कपडे फक्त बंद दाराआड हे शिकवा, आणि तिला पॅडसाठी कोण मदत करणार त्या दोनच बायका ठरवा. तिने “नको” म्हटलं तर घरातल्यांनीही हात मागे घ्यायचा, अगदी वेणी घालतानासुद्धा. एरवी तिचं “नको” कधीच ऐकलं गेलं नाही, तर नको तिथे ती ते म्हणणार नाही.

आम्ही दोघं सत्तरीचे, मुलगी 32 ची, मुलगा मुंबईत. आमच्यामागे तिच्या औषधपाण्याचं काय? रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात ठेवतात का? — लांजा

ते मनोरुग्णालय मानसिक आजारांच्या उपचाराचं आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 बौद्धिक दिव्यांगत्वाला मानसिक आजार मानत नाही, त्यामुळे ती राहण्याची जागा नव्हे. 18 पूर्ण झाल्यावर आई-वडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानीय स्तर समिती पालक नेमते. अर्ज तुमच्या हयातीत करा आणि मुलाचं नाव द्यायचं असेल तर त्याला आधी विचारा. याच न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला 1 लाखापर्यंतचा खर्च मिळतो, बाह्यरुग्ण उपचारांसकट, आणि आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. बिलं आधी भरून मग पाठवायची असतात, म्हणून प्रत्येक पावती ठेवा. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर जिल्हा रुग्णालयातून काढा आणि तात्पुरतं असेल तर मुदत पाहा.

आणि मुलगा गणपतीला आला की त्याच्या शेजारी बसून एक पान लिहा. औषधांची नावं, मात्रा, वेळा, कशाची ॲलर्जी, शेवटच्या तपासण्यांच्या तारखा हे वरच्या अर्ध्यात. खालच्या अर्ध्यात जे फक्त तुम्हा दोघांना ठाऊक आहे ते : दुखलं की ती काय करते, भूक लागली की कोणता आवाज काढते, सुई टोचताना कुणाचा हात धरते, गोळी कशातून घेते. त्याच्या तीन प्रती करा. एक देव्हाऱ्याजवळ ठेवा, एक मुलाकडे आणि एक तिच्या पिशवीत.